जागा जुलैत पाहा, मेमध्ये नव्हे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गोव्यात नवी घरे हवीत, याबद्दल वाद नाही. एकत्र कुटुंबे विभागली आहेत, भाडी वाढली आहेत, आणि पणजी, म्हापसा, मडगावच्या आसपास नोकरी करणाऱ्या माणसाला त्याच्या पगारात घर मिळणे कठीण झाले आहे. प्रश्न आहे तो जागा निवडायच्या पद्धतीचा. मालकाने आपल्या सर्वे नंबरापुरता नगरनियोजन खात्याकडे अर्ज करायचा, आणि मंजुरी मिळाली की तेवढ्या तुकड्याचा झोन, म्हणजे नकाशावरचा रंग, हिरवा बदलून वसाहतीचा करायचा. वस्ती कुठे वाढावी हे अशा रीतीने अर्जदार ठरवतो, गाव नव्हे.

गोव्यातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०२१ तयार झाला तेव्हा उलट क्रम होता. आधीचा आराखडा लोकांच्या उठावामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. मग वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या जाणकारांचा सहभाग असलेल्या कार्यदलाने आधी काय राखायचे ते ठरवले, आणि गावागावांचे नकाशे ग्रामसभांपुढे ठेवले. जंगल, खारफुटी, खाजन (खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन), भातशेती, बागायत आणि तीव्र उताराचे डोंगर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात गेले. पुढे २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले आणि ‘आराखड्यातील चूक दुरुस्ती’ या नावाखाली तुकड्यातुकड्याने बदल सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये त्याखालचे नियम रद्द केले. त्याआधीच, २०२४ मध्ये, झोन बदलाचेच कलम ३९अ आले होते. कलम कोणतेही असो, दोष एकच: तुकडा एकटा पाहिला जातो.

भातशेतीचा १,००० चौरस मीटरचा एक तुकडा घेऊ. मेरेने (शेताच्या बांधाने) वीसेक सेंटिमीटर पाणी अडवले, तर त्यात दोन लाख लिटर पाणी थांबते. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडणे आपल्याकडे नवलाचे नाही. तेवढ्या पावसाचे या तुकड्यावर एक लाख लिटर होते. शेत ते सहज पोटात घेते आणि व्हाळात (ओढ्यात) हळूहळू सोडते. आता त्यावर दीड मीटर भराव घाला. थांबणारे दोन लाख लिटर शेजारच्या शेतात, रस्त्यावर किंवा खालच्या वाड्यावर (वस्तीवर) जाणार. भराव शेताचा निचरा जिथून होतो त्या तोंडाशीच असेल, तर वरची सगळी शेते तुंबतात, भात कुजते, दोन-तीन वर्षांत ती पडीक होतात. मग पुढचा अर्ज येतो: जमीन पडीक आहे, झोन बदलून द्या. पडीक कशाने झाली, हे त्या फाईलमध्ये कुठेच नसते.

शिवाय त्या भरावाला १,५०० घनमीटर माती लागते. एका टिपरात आठ घनमीटर धरले तरी जवळजवळ १९० खेपा. ही माती बहुतेक वेळा कुठला तरी डोंगर कापूनच येते. आपल्या डोंगरांचा वरचा थर कठीण चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा), पण त्याखाली मऊ, पिवळट-पांढरी माती असते. उभा काप घेतला की ती उघडी पडते, पाऊस आत मुरतो आणि वरचा चिरा खाली बसतो. म्हणूनच कलम १७अ ने डोंगरकापणी आणि सखल जमिनीतला भराव, दोहोंसाठी मुख्य नगरनियोजकांची लेखी पूर्वपरवानगी सक्तीची केली. भराव मंजूर करताना माती कुठल्या सर्वे नंबरमधून येणार हे विचारलेच पाहिजे.

खाजनाचे तर आणखी नाजूक. ही जमीन भरतीच्या पातळीच्या खाली असते. बांध खारे पाणी अडवतो. बांधातल्या मानशीचे, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाचे, लाकडी दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडते. आतली पोय हे या पाण्याचे साठवण. पोयीत भराव पडला, तर ओहोटीच्या काही तासांत जायचे पाणी जात नाही. तोवर पुढची भरती येते, दार मिटते, पाणी आतच. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत खाजनात विकासकामांना मनाई केली आहे ती याच कारणाने.

सांडपाण्याचे कोणी बोलत नाही. गटारवाहिनी नसलेल्या गावात घर म्हणजे सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा. पावसाळ्यात शेतातले भूजल वीत-दोन वीत खोलीवर असते. भरलेल्या खड्ड्यात आणखी काय मुरणार? मैला-पाणी शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाते. एक मीटर खोल खड्डा खणून, रात्रभर पाण्याने भिजवून, सकाळी पुन्हा भरून तासात पाणी किती उतरते ते पाहावे. हीच चाचणी मेमध्ये उत्तीर्ण होते आणि ऑगस्टमध्ये नापास. अर्जाला मात्र बहुधा मेमधला कोरडा फोटो जोडलेला असतो.

झोन बदलाची सूचना प्रसिद्ध झाली की कलम ३९अ खाली सूचना-हरकतींना ३० दिवस मिळतात. त्यात पहिल्याच आठवड्यात त्या सर्वे नंबरचा सर्वे प्लॅन आणि फॉर्म १ व १४ (मालक-कुळांची नोंद असलेला उतारा) काढावा. फॉर्मात कुळाचे नाव असेल तर १९९१ चा जमीन वापर कायदा आडवा येतो: कूळ कायद्याने मिळालेली जमीन शेतीशिवाय वापरता येत नाही. मग प्लॅन आराखड्याच्या गावनकाशावर आणि समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या रेषांच्या) नकाशावर बसवून पाहावा. उताराची शंका असेल, तर गवंड्याची पाण्याची नळी पुरे: चार मीटर आडव्या अंतरात एक मीटरहून जास्त चढ म्हणजे २५ टक्क्यांपेक्षा जास्त उतार. ‘पर्यावरणाची हानी होईल’ एवढेच लिहिलेली हरकत कामाची नाही. ‘या तुकड्याच्या पूर्वेला दीड मीटर रुंदीचा व्हाळ आहे, वरच्या अमुक इतक्या शेतांचे पाणी त्यातून जाते, सोबत जुलैचा तारखेसह फोटो’ असे लिहिले, तर खात्याला उत्तर द्यावे लागते.

मग घरे कुठे? आधी वसाहत क्षेत्राच्या आत. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचांतले एक घर रिकामे होते. काही घरे मालक बाहेर असल्याने बंद, काही ‘सेकंड होम’, आणि कितीतरी वाटण्या न झाल्याने कुलूपबंद. आपल्या नागरी कायद्यात भाऊ-बहिणींचे वाटे समान. फॉर्मवर वीस नावे असली की कोणीच घर दुरुस्त करत नाही. इन्व्हेंतारीचे (वारसांच्या वाटणीचे) दावे लवकर निकाली काढले, मुंडकारांच्या (दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्यांच्या) खरेदीचे अर्ज पुढे सरकवले, तर एक फूट शेतही न बुजवता घरे मोकळी होतील. त्याउपर जमीन लागलीच तर जुन्या वाड्याला लागून असलेली, मंद उताराची, रस्ता-पाणी पोचलेली मोरोड (उंचवट्याची) जमीन निवडावी, आणि तीही सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठाराच्या) पायथ्याच्या झऱ्यांपासून दूर. सड्यावर मुरलेले पाणीच एप्रिलपर्यंत गावाच्या विहिरींत उतरते, म्हणून अख्खा सडा फरसबंद करणे हासुद्धा पर्याय नव्हे.

नगरनियोजन खात्याकडे मागणी एवढीच. झोन बदलाचा कोणताही प्रस्ताव जून ते सप्टेंबरमधल्या जागापाहणीशिवाय नगरनियोजन मंडळापुढे जाऊ नये. सूचनेसोबत सर्वे नंबरच्या यादीऐवजी नकाशा छापावा, त्यावर व्हाळ, मानस, उतार आणि मागच्या पाच वर्षांत त्याच गावात मंजूर झालेले सगळे बदल दाखवावेत. आणि नकाशा पंचायतीच्या फलकावर मराठी व कोंकणीतून लावल्यावरच हरकतींचे ३० दिवस मोजायला सुरुवात व्हावी.

आपला,
एक भूमापक, फोंडा