हनुवटी उघडी ठेवणारे हेल्मेट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हेल्मेट न घालणाऱ्या दुचाकीस्वारांवरील कारवाईची बातमी आपल्या अंकात वाचली. डोक्यावर हेल्मेट आहे ना, एवढेच अशा वेळी पाहिले जाते. ते हेल्मेट चेहरा वाचवते का, हा प्रश्न जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर म्हणून मला वारंवार पडतो.

आमच्याकडे चेहऱ्याची हाडे मोडून येणाऱ्यांत दुचाकीवरून पडलेले तरुण सर्वाधिक असतात. मारहाण, झाडावरून किंवा जिन्यावरून पडणे ही कारणे त्यानंतरची. नाकाचे वा गालाचे हाड बहुधा मार लागतो तिथेच मोडते, खालच्या जबड्याचे मात्र तसे नाही. बांगडी एका जागी दाबली की दुसरीकडेही तडकते, तसे हनुवटीवर आपटल्यावर कानापुढच्या सांध्याशी हाड मोडू शकते. हनुवटीला चार टाके घालून घरी गेलेला रुग्ण मग आठवड्याने ‘दात पूर्वीसारखे जुळत नाहीत’ म्हणत परत येतो. लहान मुलांत हे नजरेतून सुटले, तर सांधा जखडून तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढही खुंटते. म्हणून हनुवटी फुटलेल्या मुलाचा कानापुढचा भाग तपासल्याशिवाय त्याला कधीही घरी पाठवू नये.

गेल्या पावसाळ्यात खड्ड्यात गाडी आदळून पडलेला एक तरुण आला होता. हेल्मेट घातलेले असल्याने डोक्याला ओरखडाही नव्हता. पण ते कानापर्यंतचे अर्धे हेल्मेट होते आणि खालचा जबडा तीन ठिकाणी मोडला होता. टायटॅनियमच्या पट्ट्या बसवून दात तारांनी बांधावे लागले. त्याची आई खाटेशेजारी बसून पेज आणि वरणाचे पाणी गाळून घेई आणि सिरिंजने त्याच्या गालाच्या कोपऱ्यातून थेंब थेंब सोडत असे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आवश्यक आहे आणि त्याचा पट्टा घट्ट बांधलेला असावा, असेही त्यात म्हटले आहे. हनुवटी झाकण्याचा उल्लेख मात्र त्यात नाही. तो शासनाने करावा आणि तोवर वाहतूक पोलिसांनी निदान पट्टा तरी तपासावा. मुलाला गाडी घेऊन देणाऱ्या आईवडिलांनाही माझी कळकळीची विनंती आहे, की गाडीसोबत हनुवटी झाकणारे हेल्मेट त्याच दिवशी घ्यावे.

आपला,
एक जबडा-शल्यचिकित्सक