पेरू सहलीचा मार्ग परस्पर बदलल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (आंतरराष्ट्रीय सहली)

विषय : पेरूच्या ‘स्मॉल ग्रुप’ सहलीत मार्ग, मुक्कामांचा क्रम आणि गटाची संख्या न विचारता बदलल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीबरोबर मी आणि माझे पती नुकतेच पेरूला जाऊन आलो. मार्ग बदलल्यामुळे पती उंचीवर आजारी पडले, अशी तक्रार मी परतल्यावर ई-मेलने केली; तिला आपल्याकडून दोन ओळींचे उत्तर आले : उंचीचा त्रास ही नैसर्गिक बाब आहे आणि बुकिंगच्या अटींनुसार कंपनी त्याला जबाबदार नाही. हे उत्तर मला मान्य नाही. ज्यांनी या सहलीचा मार्ग ठरवला, त्यांच्या हातात हे पत्र पडावे अशी विनंती आहे.

आम्ही ही सहल निवडली ती माहितीपत्रकात छापलेला क्रम पाहून. आधी लिमा, मग किनाऱ्याने पाराकास आणि बायेस्तास बेटे, इकाजवळचे वाळवंट, त्यानंतर अरेकिपा, कोल्का खोरे, पुनो आणि तितिकाका सरोवर, कुस्को, उरुबाम्बाचे खोरे, माचू पिच्चू, आणि शेवटी पुएर्तो माल्दोनादोच्या बाजूचे ॲमेझॉनचे जंगल. इतके वेगवेगळे प्रदेश एका देशात पाहायला मिळणार म्हणून आम्ही हरखलो होतोच. पण माझ्या पतींचे वय ६३ आहे, त्यामुळे मी प्रत्येक मुक्कामाची उंची शोधून वहीत लिहिली होती. लिमा समुद्रकाठी. अरेकिपा सुमारे २,३०० मीटर. कोल्का खोऱ्यातले चिवाय ३,६०० च्या आसपास. पुनो ३,८०० च्या वर. अरेकिपाहून चिवायला जाताना रस्ता ४,९०० मीटरवरून जातो हे मला माहीत होते, पण झोपायला आपण पुन्हा खाली येतो, आणि शरीराला फरक पडतो तो रात्रीच्या मुक्कामाच्या उंचीने. हा क्रम ज्याने आखला त्याला विषय कळत होता. तो पाहून आमच्या डॉक्टरांनीही होकार दिला आणि तुमच्या नियमाप्रमाणे फिटनेसचे प्रमाणपत्र दिले.

लिमात उतरल्यावर विमानतळावरच टूर लीडरने नवे वेळापत्रक हातात ठेवले. अरेकिपा आणि कोल्का रद्द. पाराकास शेवटी. दुसऱ्या दिवशी सकाळी लिमाहून थेट हुलियाकाचे विमान आणि तिथून बसने पुनो. म्हणजे समुद्रसपाटीवरून काही तासांत ३,८०० मीटर. कारण विचारले तर ‘तिकिटांची उपलब्धता’ एवढेच सांगितले. नंतर गटातल्या मंडळींशी बोलताना कळले की दुसऱ्या एका सहलीचे प्रवासी आमच्यात मिसळले आहेत आणि त्यांचा मार्ग मुळात हाच होता. माहितीपत्रकात ‘कमाल १२ प्रवासी’ असे ठळक छापले होते. बसमध्ये आम्ही २६ होतो. आमचा मार्ग त्यांच्या सोयीसाठी मोडला, असाच याचा अर्थ मी घेते. तसे नसेल तर लेखी कळवावे.

अरेकिपा गाळले म्हणजे एक शहर पाहायचे राहिले, एवढ्यावर हे संपत नाही. पांढऱ्या सिलार दगडातले ते शहर आणि त्यामागचा मिस्ती ज्वालामुखी पाहायला मिळाला नाही, कोल्काच्या दरीवर कोंडोर हे प्रचंड गिधाड तरंगताना पाहायचे राहिले, याचे वाईट वाटतेच. पण जिन्यातल्या मधल्या पायऱ्या काढून घ्यायच्या आणि माणूस पडला की त्याच्या गुडघ्यांना दोष द्यायचा, असे आपल्या उत्तरात झाले आहे.

पुनोत त्या संध्याकाळी यांचे डोके ठणकू लागले. जेवण गेले नाही, उलट्या झाल्या. रात्री अकराच्या सुमारास आडवे झाले की दम लागू लागला, म्हणून उशा रचून बसवून ठेवले. ओठ निळसर दिसत होते. मी सोबत नेलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला तर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ७४. त्या उंचीवर आकडा थोडा खाली येतो हे मला ठाऊक होते, पण माझा स्वतःचा त्याच वेळी ८७ होता. टूर लीडरचा फोन लागला नाही. गटात आणखी पाच जणांना त्रास होत होता आणि तो दुसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे होता, हे सकाळी समजले. एक माणूस २६ जणांकडे कसा पाहणार? हॉटेलच्या रिसेप्शनवरचा मुलगा सिलिंडर उचलून वर घेऊन आला, त्याने स्वतः मास्क बांधला आणि टॅक्सी बोलावून आम्हाला क्लिनिकपर्यंत पोहोचवले. त्याला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची. तो नसता तर काय झाले असते, हे मला आजही मनात आणवत नाही.

फुफ्फुसात पाणी धरायला सुरुवात झाली आहे, असे क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी सांगितले. यापुढे वर जायचे नाही, शक्य तितक्या लवकर खाली उतरा, हा त्यांचा सल्ला. गट तितिकाकावरच्या उरोस या स्थानिक जमातीच्या तोतोरा गवताच्या बेटांवर गेला तेव्हा आम्ही क्लिनिकमध्ये होतो. त्यानंतर बस ४,३०० मीटरच्या ला राया खिंडीतून कुस्कोला जाणार होती. त्या बसमध्ये यांना बसवणे शक्यच नव्हते. आम्ही स्वतःच्या खर्चाने लिमाला उतरलो, तिथे बरे वाटल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा गटाला जाऊन मिळालो. तेव्हा तुमच्या स्थानिक गाइडने फोनवर सांगितले की कुस्कोत थांबू नका, विमानतळावरून तडक खाली उरुबाम्बाला या. कुस्को ३,४०० मीटरवर आहे, उरुबाम्बा त्याहून पाचशे मीटरने खाली. त्याचे ऐकले आणि पुढे त्रास झाला नाही. बदललेल्या मार्गाला त्याने स्वतः आधीच हरकत घेतली होती, असेही त्याने मला सांगितले. या गाइडबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. या पत्रामुळे त्याला त्रास झाला तर मला फार वाईट वाटेल.

आता आपल्या उत्तराबद्दल. उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो, हे खरे आहे. पण किती वेगाने वर न्यायचे हे कंपनी ठरवते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तुमच्याच लडाखच्या सहलीत तिथे पोहोचल्यावर सुरुवातीला पूर्ण विश्रांती असते. कोणी बाजारात निघाले तरी तुमची माणसे हटकतात. माझी बहीण तुमच्याबरोबरच गेली होती, तिने हे कौतुकाने सांगितले होते. पुनो लेहपेक्षा उंच आहे. मग लडाखला जी काळजी घेता ती पेरूला का घेतली नाही? हळूहळू वर चढण्याचा नियम माहीत नव्हता असे म्हणायलाही जागा नाही, कारण मूळ माहितीपत्रकात तो पाळलेला होता.

बाकीचे थोडक्यात लिहिते. माचू पिच्चूला आता ठरावीक वेळेची आणि ठरावीक सर्किटची, म्हणजे आत फिरण्याच्या मार्गाची, तिकिटे असतात. जाहिरातीत वरच्या गच्च्यांवरून दिसणारे, मागे वायना पिच्चूचे शिखर असलेले दृश्य छापले आहे. आम्हाला तिकीट दिले तिसऱ्या सर्किटचे, जे खालच्या भागातून जाते. तिथून ते दृश्य दिसत नाही आणि एकदा आत गेल्यावर मार्ग बदलता येत नाही. जंगलात दोन रात्री कबूल केल्या होत्या, मिळाली एक. मकाव पोपट मातीच्या दरडीवर उतरतात ते पहाटे, आणि त्या पहाटे आम्ही विमानतळाच्या वाटेवर होतो. एवढ्यासाठी पीतज्वराची लस आम्ही घेतली होती. जेवणाबद्दल लिहीत नाही, शाकाहारींची आबाळ झाली पण ती सोसण्यासारखी होती.

माझ्या मागण्या अशा आहेत. अरेकिपा, कोल्का आणि जंगलातली एक रात्र यांचे पैसे परत मिळावेत. क्लिनिकचा खर्च, लिमाला जाण्यायेण्याचे विमानभाडे आणि तिथला मुक्काम यांची भरपाई मिळावी. पावत्या सोबत जोडल्या आहेत. मार्ग कोणी, कधी आणि का बदलला, हे लेखी कळवावे. आणि पुढच्या मोसमाचे जे बुकिंग तुम्ही आत्ता घेत आहात, त्या प्रत्येक प्रवाशाला मुक्कामाची गावे त्यांच्या उंचीसह आणि प्रत्यक्ष क्रमाने पैसे भरण्याआधी कळवावीत. या शेवटच्या मागणीवर मी तडजोड करणार नाही. परताव्याच्या बदल्यात ‘पुढील सहलीवर सवलत’ देऊ नये, ती मी स्वीकारणार नाही.

पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा यांबद्दल मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ती मी राहते त्या जिल्ह्यात करता येते. क्लिनिकचे कागद, मूळ माहितीपत्रक आणि विमानतळावर दिलेले वेळापत्रक, तिन्ही माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत.

कळावे,
आपली,
(सही)

सोबत : वरील कागदपत्रांच्या आणि पावत्यांच्या छायाप्रती