पहिल्या रोलर स्केटिंग शर्यतीआधी, मन्याला

प्रिय मन्या,

रात्री साडेअकराला कुजबुजत “पडलो तर?” असं विचारणारा माणूस दिवसा अख्ख्या ऑफिसला दरडावत असतो, हे कुणाला सांगून पटणार नाही. वहिनी झोपल्या होत्या म्हणून फोन आवरता घेतला. आता सविस्तर लिहितो.

पडशील. रविवारी नाही तर पुढच्या महिन्यात, पण पडशीलच. तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला असं समज. पडलास तर बोटं लगेच मुठीत घे, कारण मागून येणाऱ्यांची चाकं तुझ्या बोटांसाठी थांबत नाहीत. आणि उठताना आधी मागे बघ. बस, त्यावर एवढंच.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. तू पाठवलेला सरावाचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. सरळ पट्ट्यात झकास बसतोस लेका! गुडघे वाकलेले, पाठ खाली, डावा हात पाठीवर. पण वळण जवळ आलं की तू हळूहळू उभा राहायला लागतोस. भीती वाटली की गुडघे आपोआप ताठ होतात, सगळ्यांचेच होतात. मात्र ताठ झालास की तोल वर सरकतो, बाजूला रेटायला पायाला जागाच उरत नाही, आणि ज्याला घाबरत होतास नेमकं तेच होतं. म्हणून रविवारी बाकी सगळं विसरलास तरी चालेल. घाबरलास की अजून खाली बस.

हांगझोउच्या आशियाई खेळांतली पुरुषांची ३००० मीटर रिले शोधून बघ. २ ऑक्टोबर २०२३ ची. तेव्हा तू स्केट्स पायात घातलेही नव्हतेस. दक्षिण कोरियाचा शेवटचा गडी जंग चोल-वॉन पुढे होता. रेषा अगदी समोर आली आणि तो सरळ झाला, दोन्ही हात वर! तैवानचा ह्वांग यू-लिन मात्र मागून वाकलेलाच येत होता. त्यानं शेवटच्या क्षणी पाय पुढे सरकवला. तैवान ४:०५.६९२, कोरिया ४:०५.७०२. सेकंदाचा शंभरावा भाग. कोरियात आशियाई सुवर्ण मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सवलत मिळते, तीही त्या शंभराव्या भागासोबत गेली. मला त्या पोराचं फार वाईट वाटतं. हरला म्हणून नाही रे, तोवरची सगळी शर्यत त्यानं बरोबर मारली होती म्हणून.

आणि त्याच शर्यतीत तिसरे कोण? आपण! आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे, विक्रम इंगळे. कांबळे आणि इंगळे ही नावं स्केटिंगच्या निकालात वाचताना मला काय वाटलं असेल ते तुला कळेल, आपण क्रिकेट सोडून दुसऱ्या कशाला खेळ न मानणाऱ्या गल्लीत वाढलो. त्यातलाच वेलकुमार पुढे २०२५ मध्ये चीनमध्ये बेइदाइहेला जागतिक विजेता झाला, तोही तुझ्याच अंतरात, १००० मीटरमध्ये. वेळ १:२४.९२४. तुला याच्या दुप्पट लागला तरी मी पेढे वाटीन.

आता तुझे १००० मीटर. तुमचा ट्रॅक २०० चा, म्हणजे पाच लॅप. पहिल्या लॅपला सगळे पिसाळल्यासारखे सुटतात. तू सुटू नकोस. तुझ्याहून थोडा वेगवान कुणी दिसला की त्याच्या मागे चिकट. हवा तो कापतो, दम तुझा वाचतो. नजर त्याच्या चाकांवर ठेवू नकोस, कमरेवर ठेव. तो काय करणार ते कमरेला आधी कळतं. वळणावर आतून घुसायचा मोह होईल, तो पहिल्या शर्यतीत तरी टाळ. तिसरा लॅप सगळ्यात वाईट. मांड्या पेटतात, सुरुवातीचा जोश संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. तिथेच तू उभा राहशील, मला खात्री आहे. तिथे मोठ्यानं स्वतःला ओरडलास तरी चालेल. हेल्मेटमधलं कुणी ऐकत नाही.

सामानाचं सांगतो. नवी चाकं आणलीयस असं वहिनींकडून कळलं. ती रविवारी लावायची नाहीत. झिजलेली असली तरी ओळखीचीच बरी. शनिवारी संध्याकाळी अ‍ॅलन की (ती षटकोनी चावी) घेऊन सगळे बोल्ट तपास, प्रत्येक चाक हातानं फिरवून बघ. कुठलं करकरलं तर बेअरिंग पूस. सकाळी ट्रॅकवर दव असेल, विशेषतः झाडाच्या बाजूच्या वळणावर, तर वॉर्मअपच्या वेळी तिथून मुद्दाम दोनदा हळू जा म्हणजे पाय किती सरकतो ते कळेल. नाश्त्याला उपमा आणि केळं. मिसळ शर्यतीनंतर, माझ्या खर्चानं.

तुझ्याआधी आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या शर्यती असतील. त्या बघत बसू नकोस. ती कार्टी हसत हसत वळणं घेतात आणि चाळिशीच्या माणसाला उगाच न्यूनगंड येतो. तुझी छकुली त्यातच आहे म्हणा, तिची शर्यत बघावीच लागेल. तिला ट्रॅकच्या बाहेरून सूचना देऊ नकोस एवढं पाळ. तुझ्या वेळेला ती तुला काय काय ओरडेल याचा विचार कर.

मला रविवारी नागपूरहून निघता येत नाहीये, परीक्षेची ड्युटी लागली आहे. वहिनींना व्हिडिओ काढायला सांग, पण शेवटच्या रेषेशी उभं राहून नाही. तिसऱ्या लॅपचं वळण दिसेल असं. तुझा नंबर कितवा आला ते मी विचारणार नाही, गुडघे बघणार आहे.

तुझाच,
सद्या

ता. क. मोजे नवे घालू नकोस. टाचेला फोड येतो तिथे आधीच पट्टी लाव. आणि मुलांच्या गर्दीत तुझा गट कधी पुकारतील याचा नेम नसतो, तेव्हा स्केट्स बांधून तयार राहा.