फायरवायर कार्डवाला जुना कॉम्प्युटर मोडीत घालू नका

मा. संपादक, नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातला लग्नाचा शूटिंगवाला. गेल्या महिन्यात एक ताई आल्या, म्हणाल्या दादा 2006 ला आमचं लग्न तुम्हीच शूट केलेलं, सीडी चालत नाही नी आता मामंजी गेले, त्यांचा आवाज तेवढा त्यातच आहे. मिनी डीव्हीची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या बारक्या डिजिटल टेपची, मूळ कॅसेट कपाटात होती, कॅमेरापण चालू. पण कॅमेऱ्याच्या झडपेखालचं ते बारकं चार पिनांचं फायरवायर, म्हणजे शूटिंग कॉम्प्युटरवर उतरवायचं तोंड, ज्याला सोनीवाले आय-लिंक म्हणायचे, त्याची वायर लावायला नव्या लॅपटॉपला जागाच नाही!

बेळगावात एका दुकानदारानं फायरवायरला यूएसबी जोडायची पिन गळ्यात मारली, अडीचशे गेले, चालली नाही. चालणार कशी, यूएसबीत कॉम्प्युटर मालक नी बाकीचे त्याच्या हुकमाचे, फायरवायरमध्ये दोघं बरोबरीचे, नुसतं तोंड बदलून काय होतंय? पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीनं घेता येतं म्हणा, पण क्वालिटी उतरते.

हे फायरवायर साधंसुधं नव्हतं बघा. 1995 ला आयईईई 1394 नावानं स्टँडर्ड झालं, स्पीड सेकंदाला 400 मेगाबिट, त्या काळच्या यूएसबीचा फक्त 12. डीव्हीच्या नुसत्या चित्रालाच सेकंदाला 25 मेगाबिट लागतात, म्हणजे यूएसबीतून ते जाणारच नव्हतं. 2000 ला यूएसबी 2.0 आलं, 480 चं, नी स्वस्त पडलं म्हणून सगळीकडं तेच बसलं. ज्या ॲपलनं फायरवायर पुढं आणलं त्यांनीच आपल्या कॉम्प्युटरच्या 2025 च्या सिस्टिममधून, मॅकओएस टाहोमधून, ते काढून टाकलं.

शेवटी भाच्याच्या माळ्यावरचा जुना डेस्कटॉप उतरवला, त्यात 1394 चं, म्हणजे फायरवायरचं तोंड देणारं, आत बसवायचं पीसीआय कार्ड निघालं. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो, घाई चालत नाही, नी फाईल होते साधारण 13 जीबीची. पंगतीच्या शूटिंगमध्ये मामंजी मिळाले, "अरे तिकडं भात वाढा की" म्हणून ओरडताना. ताई तेवढंच चार वेळा मागं घेऊन बघत बसल्या.

तुमच्या पेपरात नव्या मोबाईलच्या बातम्या रोज असतात, एकदा हे पण छापा. आपल्या भागात घरोघरी, स्टुडिओत अशा कॅसेटी पडून आहेत, टेपला बुरशी धरायच्या आधी उतरवून घ्या, नी कुणाकडं असलं कार्ड असलेला कॉम्प्युटर असेल तर तो मोडीत घालायच्या आधी गावातल्या शूटिंगवाल्याला एकदा विचारा.

– एक शूटिंगवाला, ता. खानापूर, जि. बेळगाव