ड्रमच्या पोटातला ब्रेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी ऑफरोडिंगवर आलेला लेख वाचला. मजकूर चांगला, छायाचित्रं त्याहून चांगली. त्यातलं मोठं छायाचित्र मी आधी चष्म्यातून आणि मग भिंगातून पाहिलं. चिखलाच्या चढावर रुतलेली जीप, पुढच्या बंपरवर आडवा विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढून काढणारं मोटरचं यंत्र, दोर ताणून वरच्या झाडाला बांधलेला आणि गाडीच्या मागे दोन मुलं ढकलायला उभी. तो दोर ड्रमच्या वरच्या अंगानं सुटलेला दिसतो. पत्र लिहायला बसलो ते त्यामुळे.

कुडाळच्या एमआयडीसीत माझा लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र आहे, ३४ वर्षं झाली. मूळ काम होड्यांचे शाफ्ट, पंपांची इंपेलरं, राइस मिलचे रोलर. २०१४ साली गोव्यात ऐन पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली आणि नंतर एकेक पोरगा विंचचा ड्रम घेऊन माझ्या दारात यायला लागला. स्वतः मी चिखलात गाडी कधी घातली नाही, घालणारही नाही. पण विंच उघडले बरेच.

लेखात म्हटलं आहे की तारेच्या जागी कृत्रिम धाग्याचा दोर घातला की विंच सुरक्षित झाला. अर्धं खरं आहे. तुटलेली तार चाबकासारखी येते, दोर त्या मानानं तिथल्या तिथे पडतो. वजनातही फरक मोठा. ९ मिलिमीटरची ३० मीटर तार दहा किलोच्या घरात जाते, तेवढाच दोर दीड-दोन किलो, शिवाय पाण्यावर तरंगतो. मात्र तारेला उष्णतेचं फारसं काही वाटत नाही. हा दोर १५० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या खूप आधी, ७० अंशांच्या पुढे, ताकद सोडायला लागतो. आता ही उष्णता येते कुठून, हे लेखात कुठेच नाही.

हल्ली बहुतेक गाड्यांवर दिसतो त्या आडव्या विंचमध्ये मोटर एका टोकाला, गिअर दुसऱ्या टोकाला आणि दोघांना जोडणारा षटकोनी शाफ्ट ड्रमच्या पोटातून गेलेला असतो. ब्रेक त्या शाफ्टवर, ड्रमच्या पोटातच. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून मालकाला तो आहे हेच ठाऊक नसतं. ज्यांच्या घरी विहिरीला रहाट होता त्यांना पुढचं सांगायला नको. भरलेली कळशी वर ओढताना हात दुखतात, पण तापत नाहीत. रहाटाच्या लाकडाला तळहात टेकवून कळशी खाली सोडा, तळहात भाजतो. विंचचं तसंच आहे. ओढताना ब्रेक मोकळा असतो. वजन लटकलेलं असताना बटण दाबून दोर सोडायला लागलात की मोटरला त्या ब्रेकशी झुंजून ड्रम फिरवावा लागतो, आणि ती सगळी उष्णता ड्रमच्या भिंतीत जाते. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दोराचा पहिला वेढा चिकटून बसलेला.

तीन वर्षांपूर्वी दोडामार्गचा एक मुलगा पोत्यात गुंडाळून ड्रम घेऊन आला. "काकानू, ह्या बघा काय झाला." पोतं उघडलं तर प्लास्टिकची बादली चुलीत पडल्यासारखा वास. पहिल्या थरातले पाच-सहा वेढे एकमेकांत विरघळून काचेसारखे कडक झाले होते, वरचे थर मात्र नवेकोरे. उतारावरून मित्राची गाडी खाली सोडायची म्हणून त्यानं सलग वीसेक मीटर दोर बटणावर सोडला होता. वरून पाहिलं असतं तर दोराला काही झालंय असं कुणीही म्हटलं नसतं. मी छिन्नीनं ते वेढे फोडून काढले आणि तुकडा त्यालाच दिला, गाडीत ठेव म्हणून.

यावर उपाय आहेत, आणि सगळे खर्चाचे नाहीत. खाली सोडायचं असेल तर थोडं थोडं सोडा, मध्ये थांबा, ड्रमला हात लावून बघा. ड्रमकडच्या पहिल्या काही मीटरांना उष्णता सोसणाऱ्या धाग्याचं आवरण घालता येतं. ज्यांना स्पर्धाच करायची आहे ते उभ्या विंचकडे वळतात, ज्यात मोटर ड्रमच्या टोकाला नाही, वर बसते. अमेरिकेच्या वॉर्न कंपनीचं ८२७४ हे १९७४ सालचं मॉडेल इतकी वर्षं लोक का जपतात, तर त्याचा ब्रेक ड्रमच्या बाहेर, गिअरच्या पेटीत आहे. तापला तरी दोराला झळ नाही. त्या ब्रेकची रचना प्रत्येक गॅरेजात इंजिन उचलायला टांगलेल्या चेनब्लॉकची सख्खी बहीण. चेनब्लॉक वर ओढताना टक टक आवाज येतो ना, तो दातेरी चाकावरून घसरणाऱ्या खुंटीचा. खाली सोडताना आवाज बंद होतो, कारण तेव्हा खुंटीनं चाक धरून ठेवलेलं असतं आणि आट्यांवरची चकती कणाकणानं सैल होत, पुन्हा आवळत वजन उतरवत असते. शंभरेक वर्षांहून जुनी युक्ती आहे, अजून तिला तोड नाही असं माझं मत.

गिऱ्हाइकं माझ्याकडे दोन कामं घेऊन येतात. एक, ड्रम आखूड करून द्या. उभ्या विंचला ते जमतं, कारण ड्रमच्या आत काही नाही. आडव्याला मी सरळ नाही म्हणतो. जेवढा ड्रम कापाल तेवढा शाफ्ट कापावा लागतो, आणि ब्रेकला जागा उरत नाही. दुसरं काम, ड्रम बारीक करा म्हणजे ओढ वाढेल. गणित बरोबर आहे. विंचवर लिहिलेला ओढीचा आकडा ड्रमवरच्या दोराच्या पहिल्या थराचाच असतो. ४३०० किलोचा विंच चौथ्या थरावर अडीच-पावणेतीन हजारांच्या आसपास येतो, कारण थरागणिक ड्रम जाड होत जातो. पण त्यासाठी भिंत खरवडायची गरज नाही. दोर जास्त सोडा आणि लांबचं झाड पकडा, नाहीतर मध्ये कप्पी घाला, ओढ जवळजवळ दुप्पट. माझ्या लेथचं भाडं वाचेल.

आता माझी चूक सांगतो. २०१७ च्या गणपतीआधी एक ड्रम आला होता. तारेनं त्यावर चरे पाडलेले, कडांना बारीक कुसळं उठलेली. दोर घालायचा म्हणजे ती काढायला हवीत, नाहीतर दोर आतून कापला जातो. लेथवर अर्धा मिलिमीटर घेऊन मी बाहेरचं अंग आरशासारखं केलं आणि सवयीनं अख्खा ड्रम डिझेलमध्ये धुतला. या आडव्या जातीच्या विंचमध्ये ड्रमची आतली भिंत हीच ब्रेकची घासायची बाजू असते, हे मला तेव्हा माहीत होतं. माहीत असून कापड फिरवलं आणि झालं म्हणालो. अंगणात सपाटीवर चाचणी घेतली, झकास. दोन दिवसांनी मालकानं पोफळीच्या बागेत चढावर गाडी ओढली, बटण सोडलं आणि गाडी पाच फूट मागे येऊन चिऱ्याच्या गडग्यावर आदळली. मागे कुणी नव्हतं. मागच्या दाराचे पैसे मी दिले. त्या दिवसापासून आतली भिंत थिनरनं दोनदा पुसून, पांढऱ्या फडक्यावर डाग उठत नाही तोवर ड्रम बसवू देत नाही. ब्रेकला ग्रीस लावणारे मेकॅनिकही मी पाहिले आहेत, "जरा जोरात फिरतोय" म्हणून. फिरतो खरा.

कायद्याचंही एक बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यामुळे झालं असं की ही कामं थांबली नाहीत, फक्त त्यांची पावती बंद झाली. ड्रम कुणी खरवडला, किती खरवडला, ब्रेक कधी उघडला, याची नोंद कुठेच नाही. गाडी तिसऱ्या हातात जाते आणि तिसऱ्या मालकाला वाटतं विंच कंपनीतून आला तसाच आहे. मी पत्र्याच्या तुकड्यावर तारीख आणि काम पंच करून विंचच्या पायाला तारेनं बांधतो. लोक हसतात. हसू देत.

तर ते छायाचित्र. या आडव्या विंचमध्ये दोर ड्रमच्या खालच्या अंगानं यायला हवा. सगळा दोर सोडून झाल्यावरही बटण दाबून ठेवलं की तो उलट्या बाजूनं गुंडाळला जातो, आणि मग 'सोड'चं बटण दाबलं की दोर ओढला जातो. मालकाला वाटतं वायरी उलट जोडल्यात, तो तसंच वापरत राहतो. ब्रेक मात्र एकाच दिशेला धरतो. दोर वरून येत असेल तर बटण सोडताच वजन थोपवायला काहीच उरत नाही. छायाचित्रातली ती दोन मुलं त्या गाडीच्या मागे उभी आहेत.

आपल्या छायाचित्रकाराकडे त्या मालकाचा पत्ता असेलच. त्याला एवढंच कळवा: दोर पूर्ण सोडून, खालून यायला लागेल असा परत गुंडाळ. शेवटचे आठ-दहा वेढे ड्रमवर कायम राहू देत. मग हलक्या चढावर, मागे कुणी नसताना, हाताखाली हँडब्रेक तयार ठेवून दोन मीटर ओढ, बटण सोड आणि ड्रमवर न् चौकटीवर खडूची एक रेघ मार. पाच मिनिटांनी रेघ जुळत नसेल तर ड्रम घेऊन कुडाळला ये. पैसे घेणार नाही.

आपला,
एक लेथवाला, कुडाळ (जि. सिंधुदुर्ग)