तीन बोटं

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मध्येच तुटला, म्हणून लिहितेय. धानोऱ्याच्या पुढं रेंज जाते, हे आता मला पाठ झालंय.

लाईट गेली, मशीन बंद पडलं, तरी तुम्ही शाळेच्या बाकावर पोरांना निजवून हातातल्या हत्यारांनीच दातांतली कीड खरवडलीत आणि सिमेंट भरलंत. हे बाबांनी पारावर सगळ्यांना दोनदा सांगून झालंय.

पण त्या तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या बाईवर तू चिडलीस, ते मला नाही पटलं. म्हणे, एवढं समजावलं तरी उठता उठता पन्नी सोडली आणि माझ्यादेखत गालात धरला. धरणारच की!

आजीची मशेरी तुला अंधुक आठवत असेल. पहाटे तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या. त्या खाटानं मला ठसका लागायचा. मग तळहातावर चुरून बोटानं हिरड्यांवर. नवी सून होते तेव्हा मीही तुझ्यासारखीच नाक मुरडायची. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मशेरी लावाय बसलेल्या सुनंला कोण उठवत न्हाई गं." चौदाव्या वर्षी दाढ दुखली म्हणून कुणीतरी बोटावर दिली होती. दाढ गेली, मशेरी राहिली. चौदा माणसांच्या घरात तेवढाच अर्धा तास त्यांचा. साठीला तोंडात एक दात नव्हता, हेही खरंच.

तुमच्याकडच्या रोवणीत दिवसभर चिखलात ओणवं राहणाऱ्या बाईला खर्रा काय देतो, हे तू विचारलंस? कधीपासून, पहिला कुणी दिला, किती वाजता लागतो? तुमच्या फॉर्मात त्याला रकाना नसेल, तरी विचार. गोंडी बोलणारी आशाताई शेजारी बसव आणि जरा गप्प राहा. तुला ते जड जातं, ठाऊक आहे मला.

बरं, आता खरं कारण. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, असं तू म्हणालीस ना? रात्री मी गंमत म्हणून बाबांना 'आ' करायला लावलं. त्यांचं नेहमीचंच, "मी नुसती सुपारी खातो, तंबाखूला शिवत नाही." गालाची आतली कातडी सुपारीनंच ताठरते, हे तुझं वाक्य मी ऐकवलं. हसले.

माझी तीन गेली. त्यांची दोन, तीही ओढूनताणून. गेल्या पावसाळ्यापासून आमटीत पाणी घालून घेतात, तिखट झोंबतं म्हणतात. मी आपली मिरचीच बदलत बसले होते. त्यांच्यासमोर काही बोलले नाही, विषय बदलला.

दिवाळीपर्यंत तुझी वाट बघू, की आधीच कराडला दाखवू? रेंज मिळाली की संध्याकाळी सातनंतर फोन कर. ते तेव्हा देवळात असतात.

तुझी,
आई