लोकार्पण झालं, पुढच्या दहा वर्षांचं काय?

मा. संपादक,
स. न.

आपल्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून फोटो येतो, नवीन सीटी स्कॅन नाहीतर नवीन आयसीयू, साहेब लोक फीत कापतायत आणि खाली किती कोटींचं काम ते दिलेलं असतं. आनंदच आहे, आमच्या भागात या सोयी यायलाच पाहिजेत. पण त्या बातमीत अजून एक आकडा यायला हवा असं मनापासून वाटतं, की हे मशीन पुढची दहा वर्षं चालू ठेवायला वर्षाला किती लागणार आणि तो पैसा कुठून येणार. मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, मराठवाड्यात सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांमधली मशीनं दुरुस्त करतो, म्हणून हे पत्र.

सरकारी खरेदी कशी होते ते लोकांना साधारण माहीत आहेच. टेंडर निघतं, टेक्निकलमध्ये जे पास होतात त्यांचे रेट उघडतात आणि सगळ्यात कमी रेटवाला, म्हणजे एलवन, त्याला ऑर्डर. त्यात जिल्हा नियोजनचा फंड असेल तर मार्चएंडच्या आत खर्ची पडला पाहिजे म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत सगळी धावपळ. कमी पैशात घ्या याला माझा विरोध नाही, जनतेचा पैसा आहे. प्रश्न हा आहे की कमी म्हणजे कधी कमी, आज का दहा वर्षांत मिळून?

समजा दोन सीटी स्कॅनचे रेट आले. एक १ कोटी ८० लाखांचं, दुसरं २ कोटी १० लाखांचं. वॉरंटी दोघांची तीन वर्षं. वॉरंटी संपल्यावर पहिल्याची सीएमसी, म्हणजे पार्टसकट दुरुस्तीचा करार, वर्षाला १८ लाख आणि दुसऱ्याची ९ लाख. आता पुढची सात वर्षं जोडा. पहिलं जातं ३ कोटी ६ लाखांवर, दुसरं २ कोटी ७३ लाखांवर थांबतं. अकाउंटवाले म्हणतील की नंतर द्यायच्या पैशाची किंमत आज कमी धरायची असते, बरोबर आहे, वर्षाला आठ टक्के धरून बघा, तरी दुसरं सात लाखांच्या पुढे स्वस्तच पडतं. आकडे समजायला घेतलेत, पण सीटीची एक्स-रे ट्यूब वापरून वापरून कधीतरी जाणारच आणि ती नुसती ट्यूबच काही लाखांची असते, त्यामुळे ती सीएमसीत आहे का नाही यावर सगळा हिशोब फिरतो.

काही टेंडरमध्ये सीएमसीचे रेट आधीच मागवतात हे मी मान्य करतो, चांगली गोष्ट आहे. पण गाडी अडते त्याच्या पुढे. मशीन घ्यायचा पैसा बजेटच्या एका हेडमधून, म्हणजे खर्चाच्या खात्यातून येतो, सांभाळायचा दुसऱ्या हेडमधून यायचा असतो आणि त्या दुसऱ्या हेडमध्ये तरतूदच नसते, मग वॉरंटी संपते, करार सहीविना पडून राहतो आणि एक दिवस मशीन बंद पडलं की दारावर कागद चिकटतो, "मशीन नादुरुस्त आहे". पेशंटला बाहेरून स्कॅन करून आणायला सांगतात. हा बाहेरचा खर्च कुठल्याच सरकारी फाईलीत दिसत नाही, तो पेशंटच्या खिशातून जातो, म्हणून कागदावर एलवन कायम स्वस्तच दिसतो.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. केंद्राने सरकारी दवाखान्यांतल्या उपकरणांची मोजणी केली तेव्हा २९ हजारांच्या वर दवाखान्यांत साडेसात लाखांच्या वर उपकरणं, किंमत साधारण साडेचार हजार कोटी, आणि त्यातली १३ ते ३४ टक्के बंद, असं निघालं. त्यावरूनच २०१५ मध्ये देखभालीची राष्ट्रीय योजना आली, जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ उपकरण चालू पाहिजे असं ठरलं. म्हणजे रोग काय हे सरकारला माहीत आहे, पण खरेदीची सवय तीच आहे.

ऑक्सिजन प्लांटचं बघा. नाशिकला २१ एप्रिल २०२१ ला झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ माणसं गेली. त्या काळात देशभर पीएसए प्लांट, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे प्लांट बसवले, पीएम केअर्समधून, कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक कामाच्या पैशातून, जिल्ह्याच्या फंडातून, आणि ते गरजेचंच होतं, मी स्वतः ते जोडायला रात्रंदिवस राबलोय. या प्लांटमध्ये कॉम्प्रेसर हवा दाबतो, ड्रायर तिच्यातलं पाणी काढतो आणि मग झिओलाइटचे दाणे भरलेले टॉवर नायट्रोजन धरून ठेवतात, पुढे जातो तो साधारण ९३ टक्के ऑक्सिजन. हे झिओलाइट ओल खातं. प्लांट बरेच महिने बंद ठेवला, ड्रायर चालला नाही, की दमट हवेने ते निकामी होत जातं, मग बटण दाबलं तरी मीटरवर शुद्धता चढतच नाही. मध्यंतरी एका तालुक्याच्या ठिकाणी असाच प्लांट बघितला, शेडला कुलूप, कॉम्प्रेसरच्या फिल्टरवर बोटभर धूळ, लॉगबुकमध्ये शेवटची नोंद जुनी कधीची. कारण विचारलं तर ऑपरेटरचं पद मंजूर नाही, लाइट बिल परवडत नाही, जनरेटरला जोडलेला नाही, आणि सिलिंडर येतायत तोवर चालतंय. तिथल्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना मी अजिबात दोष देत नाही, त्यांच्या हातात ना पद ना पैसा. प्लांट मंजूर करतानाच ऑपरेटरचा पगार, वीज, फिल्टर आणि ठराविक वर्षांनी झिओलाइट बदलणं एवढं धरलं असतं तर तो आज चालू असता.

बिल्डिंगचंही तसंच. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. लगेच राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात आयसीयू पेटलं, त्या दिवशी ११ पेशंट गेले. ऑडिट म्हणजे कागद, त्यात लिहिलेलं काम करायला पैसा लागतो. धुराचे अलार्म, स्प्रिंकलर, दुसरा जिना, आयसीयूचा लोड पेलणारी वायरिंग हे सगळं बांधतानाच केलं तर एकूण खर्चाचा छोटा भाग असतो, नंतर करायचं म्हटलं की चालू वॉर्ड रिकामा करा, सीलिंग फोडा, पेशंट हलवा, आणि म्हणून ते होतच नाही. इस्टिमेट जास्त गेलं की पहिली कात्री यावरच लागते हा माझा अनुभव आहे, आणि ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही.

काही लोक म्हणतील, गरीब जिल्ह्यात आज मशीनच नाही तिथे दहा वर्षांचा हिशोब कसला, आहे त्या पैशात जास्तीत जास्त ठिकाणी द्या. या म्हणण्यात तथ्य आहे. आणि महाग ते चांगलं असंही मी म्हणत नाही, रेडिओलॉजिस्टचं पद रिकामं असताना भारीतलं सीटी घेणं हीपण उधळपट्टीच, तिथे साधं एक्स-रे आणि सोनोग्राफी नीट चालली तर जास्त पेशंटचं भलं होईल. खाटा, बीपीची मशीनं, सलाइन स्टँड यात कमी रेट बघूनच घ्यावं. पण व्हेंटिलेटर, डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट, भूल द्यायचं ॲनेस्थेशिया वर्कस्टेशन अशा गोष्टी पाच तालुक्यांत वाटून दोन वर्षांत तीन बंद पडणार असतील तर पाच ठिकाणी सोय झाली असं म्हणता येत नाही.

सगळीकडे फक्त कमी रेटच बघायचा असाही नियम आता राहिलेला नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्येच बांधकाम आणि सेवांच्या टेंडरमध्ये ठराविक मर्यादेत रेटसोबत दर्जालाही मार्क द्यायची मुभा दिली आहे.

पालकमंत्री आणि जिल्हा नियोजन समितीकडे माझी मागणी एवढीच आहे. येत्या मार्चएंडच्या खरेदीआधी प्रत्येक मोठ्या उपकरणाच्या प्रस्तावाला एक पान जोडा, त्यावर दहा वर्षांचा एकूण खर्च, सीएमसीचा पैसा कुठल्या हेडमधून, चालवणारा माणूस कोण आणि त्याचं पद मंजूर आहे का, एवढं लिहा आणि ते पान भरल्याशिवाय मंजुरी देऊ नका. आणि आधी घेतलेल्यांपैकी किती मशीनं आज चालू, किती बंद, बंद आहेत ती कधीपासून, याची यादी प्रत्येक रुग्णालयाच्या नोटीस बोर्डावर लावा. आपल्या बातमीदारांनाही विनंती, पुढच्या लोकार्पणाला गेलात की सीएमसी किती वर्षांची आहे ते जरूर विचारा आणि बातमीत छापा.

आपला,
एक बायोमेडिकल इंजिनिअर, मराठवाडा